कोब्यावरची घोंगडी

शुक्रवार, १८ एप्रिल

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. गच्चीतून आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, खोलीत पाणी झिरपत होतं. म्हणून पावसाआधी गच्चीवर नवा कोबा, म्हणजे सिमेंटचा थर, घातला.
२. नवा कोबा आठवडाभर ओला ठेवावा लागतो. त्यासाठी वर बारदान पसरून पाणी मारतात. बारदान कमी पडलं.
३. रामहरी गवंड्याने फोन करून विचारलं, "जिन्याच्या खोलीत काळी घोंगडी हाय, ती बी टाकू का?" मी साइटवर होते. "जे आहे ते सगळं टाका," म्हणाले.
४. ती घोंगडी सासऱ्यांची. लोकर त्यांच्या मेंढ्यांची, सूत आत्यांनी काढलेलं. सासरे आता नाहीत.
५. आठवडाभर ती ओल्या सिमेंटवर होती. उचलताना घडीवर फाटली.
६. आत्यांनी ती टबात भिजवली. लोकर पाण्यात सुटून वर आली. त्यांनी ती हाताने गोळा केली.
७. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावी गेल्या. चार दिवसांनी येते म्हणाल्या. पिशव्या तीन होत्या.
८. कोब्याला एकही तडा नाही.

यात मत कुठेही नाही. काल आदिनाथने फोनवर "नेमकं काय झालं गं?" असं विचारलं आणि मला सलग सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढलं.

अहवालात माणसांची ओळख द्यावी लागते. आदिनाथ माझा नवरा. श्रीपूरला कारखान्यावर असतो, आठवड्याच्या शेवटी जुळे सोलापुरातल्या या घरी येतो. एरवी घरात मी आणि त्याची आई, मायाक्का. त्यांच्याकडे सासूला आत्या म्हणतात, सासऱ्यांना मामा. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात इमारतींच्या दुरुस्तीची कामं बघते. गळकी गच्ची हा माझा रोजचा विषय आहे.

शनिवार, १९ एप्रिल

एक मुद्दा राहिला. घोंगडी जिन्याच्या खोलीत का होती?

आधी ती आत्यांच्या पलंगाखाली असायची. थंडी सरता सरता मी सांगितलं की लोकरीला कसर लागते, ती गाद्यांना लागेल, शिवाय बंद खोलीत वास राहतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. "वर ठेवली तर चालेल का?" असं मी विचारलं नव्हतं. "वर ठेवा," म्हणाले होते. त्यांनी त्याच दिवशी नेऊन ठेवली. वर बारदानाच्या ढिगाशिवाय जागा नव्हती.

रविवार, २० एप्रिल

आदिनाथ आला. वर जाऊन कोबा बघून आला, "मस्त झालाय," म्हणाला. मग जेवताना:

"आई तशीच आहे गं. रुसली की गावाला जाते. आप्पा होते तेव्हाही जायची. आप्पा मेंढरं सोडून तिला आणायला जायचे."

"रुसल्या नाहीत. रुसलं की त्या भांडी आपटतात. या वेळी आपटली नाहीत."

"मग फोन कर की."

"तू कर."

त्याने केला. आत्या फोनवर मोठ्याने बोलतात, पलीकडचं सगळं ऐकू येतं. "व्हय रं, बरी हाय. हितं लई काम पडलंय. शहाजीच्या शेळ्या व्याल्यात. तिगींना पाच करडं झाल्यात, एक लई आगाव हाय, अगदी तुझ्यावर गेलंय." शहाजी म्हणजे माझा दीर. सांगोल्याच्या पुढे गावातलं घर तोच बघतो.

आदिनाथ हसत होता. फोन ठेवून म्हणाला, "बघ, काम आहे म्हणते."

मला ते पटलं नाही, पण खोडायला पुरावा नव्हता. आत्यांनी माझी चौकशी केली का, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "केली असेल की." केली नव्हती. मी ऐकत होते.

मंगळवार, २२ एप्रिल

कॉलनीचा 'घर आणि अंगण' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. घरदुरुस्ती, झाडं, ओल, वाळवी, कशावरही लोक तिथे विचारतात. बरीचशी उत्तरं माझ्याकडून अपेक्षित असतात. आज तीन प्रश्न होते. भोपळ्याची फुलं गळतात: नर फूल तोडून सकाळी मादी फुलाला हाताने लावा. न्हाणीघराची फरशी पोकळ वाजते: ती फरशी काढा, खालचा माल पुन्हा भरा, नुसते सांधे बुजवू नका. तिसरा एका नव्या सुनेचा होता: "सासूबाई आणि मी एकाच स्वयंपाकघरात. दोघींना अडचण होते. काय करावं?"

मी लिहिलं, दोन ओट्यांमध्ये चार फूट मोकळी जागा असावी, नसेल तर एक ओटा खिडकीकडे वळवावा आणि दोन्हींवर वेगळा दिवा घ्यावा.

पुष्कळ अंगठे आले. मग शेजारच्या चंद्रिकाताईंचा मला एकटीला निरोप: "अगं बाई, तिनं ओट्याचं विचारलं नव्हतं की."

मी प्रश्न पुन्हा वाचला. स्वयंपाकघराचंच विचारलं होतं.

गुरुवार, २४ एप्रिल

आज नळाला पाणी आलं. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे त्या दिवशी सगळी गल्ली बाहेर असते. बादल्या भरताना चंद्रिकाताई कुंपणाशी आल्या. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे.

"मायाक्का कधी येणार?"

"येतील. शेळ्या व्याल्यात."

"हं." त्या कुंपणावर टेकल्या. "उत्कर्षा, एक विचारू का? ती घोंगडी तू मुद्दाम घातली होतीस का गं?"

"नाही."

"मग त्यांना तसं का वाटलं? मी विचारलं की त्यांना. म्हटलं, मायाक्का, घोंगडी आणि सिमेंटावर? तर म्हणाल्या, 'सुनंनं सांगितलंय म्हनं. घोंगडी पानी लई धरती, म्हनून टाकली आसंल. शिकलेली हाय, उगं न्हाय करायची.'"

मी बादली बाजूला केली. "त्या वर कधी गेल्या होत्या?"

"कधी म्हणजे? रोज. पाणी कोण मारत होतं मग? टाकीत पाणी नव्हतं तेव्हा खालून बादल्या नेत होत्या. दुपारी तर गच्ची तव्यासारखी तापायची. मी म्हणायची, अहो, पाय भाजतील. तर घोंगडीच्या कडेला चपला काढायच्या, हात लावून कपाळाला टेकवायच्या, मग तिच्यावर उभं राहून पुढं पाणी टाकायच्या." ताईंनी नळ बंद केला. "मला वाटलं, तुमच्यात तसं काहीतरी असेल."

पाणी मारायला मीच सांगितलं होतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. साइटवरून रोज फोन करून विचारत होते: "पाणी मारलं का?" त्या म्हणायच्या, "मारलं की." कशावर मारलं, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. सात दिवसांत मी एकदाही वर गेले नाही. अंधार पडल्यावर घरी येत होते, आणि कामावर माझा विश्वास होता.

तांत्रिकदृष्ट्या त्यांचा तर्क बरोबर होता. लोकर बारदानापेक्षा जास्त वेळ पाणी धरते. पण सिमेंटचं पाणी तीव्र क्षाराचं असतं आणि लोकर क्षारात टिकत नाही. हे मी कॉलेजात शिकले आहे. रामहरीने फोन केला तेव्हा मला फक्त झाकायला मिळणारं काहीतरी दिसलं. लोकर दिसली नाही. कोणाची, तेही दिसलं नाही.

वर मुद्दा तीन लिहिला आहे त्यात खोटं काही नाही. तरी तो अपुरा आहे.

शनिवार, २६ एप्रिल

बाजारातून नवी घोंगडी आणली. दुकानदार म्हणाला, "प्युअर आहे मॅडम. मेंढीचं नाव सांगू का?"

"सांगा."

तो गडबडला. मग म्हणाला, "सगुणा." त्याच्या नोकराला हसू आवरेना.

घरी येऊन कडेचा धागा ओढून जाळला. अर्धा धागा केस जळावा तसा आक्रसला, अर्धा वितळून त्याची गोळी झाली. म्हणजे सगुणा निम्मीच. परत करायला गेले नाही. उद्या गावी जायचं आहे आणि हात रिकामे नकोत.

रविवार, २७ एप्रिल

आम्ही दोघं गावी जाऊन आलो. जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहिते.

आत्या लिंबाखाली शेंगा निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, पदर सारखा केला. "या. एवड्या उनाचं कशाला आलासा?" आत जाऊन पाणी आणलं. चहा जावेने, सृष्टीने केला. पण कपबशा आत्यांनी फळीवरून काढून दिल्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या. घरी आम्ही दोघी स्टीलच्या पेल्यातून चहा पितो. घरी त्या मला 'तू' म्हणतात. आज म्हणाल्या, "तुमी बसा की, खाली नगा, खुर्चीवर बसा."

मी घोंगडी दिली. त्यांनी कडा चिमटीत धरून पाहिली.

"मऊ हाय की."

"अर्धी लोकर आहे. अर्धं कृत्रिम सूत."

"मंग तर बेसच. कसर लागायची न्हाय."

हा टोमणा होता की नाही, हे मला कळलं नाही. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्यांनी ती नीट घडी करून सृष्टीकडे दिली. "ठेव वर. पाव्हनं आलं की टाकाया व्हईल."

आदिनाथ करडं बघायला गेला. मग मी विचारलं.

"आत्या, ती मामांची घोंगडी आहे हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तुला ठावं न्हवतं व्हय?"

"नाही."

"आगं, लगीन करून आलासा तवा देवाम्होरं तिच्यावरच बसीवलं हुतं की तुमा दोगांस्नी."

मला काळं काहीतरी आठवलं. शालूतून टोचत होतं. शालूला धागे ओढले जातील म्हणून मी अंग चोरून बसले होते आणि सगळा वेळ शालूकडेच बघत होते.

"मला वाटलं, तुला समदं कळतंय," त्या म्हणाल्या.

"मला लोकरीतलं कळत नाही."

"मला तरी शिमिटातलं कुटं कळतंय? मी आपली पानी मारत बसले." आणि त्या हसल्या. खरंच हसल्या, पदर तोंडाला लावून. तेवढ्यात आदिनाथ करडू घेऊन आला आणि कशाला हसताय हे न कळता तोही हसला. मी हसले नाही.

"स्लॅब बरा हाय न्हवं?"

"तडा नाही."

"मंग झालं की. आमच्या मेंढरांनी ऊब दिली त्याला." मग जरा वेळाने, शेंगांकडे बघत: "घोंगडी हाय ती. मानूस न्हाय."

मी सांगितलं की मला वाईट वाटतं. मी हे वाक्य गाडीत ठरवून ठेवलं होतं आणि ते ठरवून ठेवल्यासारखंच बाहेर आलं. त्या म्हणाल्या, "आसू दे."

"घरी कधी येताय?"

"येते की. बगू."

'बघू' हा शब्द त्यांनी आजपर्यंत भाजीवाल्याला वापरलेला मी ऐकला आहे, आणि मग त्या त्याच्याकडे परत कधी जात नाहीत.

मामांच्या घोंगडीचा उरलेला तुकडा त्यांनी कुठे ठेवला, ते विचारायचं होतं. विचारलं नाही.

परतताना आदिनाथ म्हणाला, "बघितलंस, अजिबात रागावलेली नाही." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. मी त्याला म्हटलं, "तुला माहीत होतं ती कोणाची आहे. मी वर ठेवायला लावली तेव्हा तू बोलला नाहीस." तो म्हणाला, "तुमच्या दोघींच्या मध्ये मी कुठं पडू?"

बुधवार, ३० एप्रिल

रामहरी गच्चीचा उतार दाखवायला आला होता. पाणी ओतून पाहिलं, सगळं पन्हाळीकडे जातं. खाली येऊन म्हणाला, "म्याडम, आजींच्या खोलीचं न्हाणीघर कधी बांधायचं?"

मी त्याचा नकाशा कधीच काढून ठेवला आहे. आत्यांना रात्री व्हरांड्यातून मागच्या संडासाकडे जावं लागतं, गुडघे दुखतात. म्हणून खोलीलाच लागून न्हाणीघर, कमोड, धरायला दोन्हीकडे दांड्या. सरप्राइज म्हणून आत्यांना सांगितलं नव्हतं.

"कमोड आणूया ना मग?" मी म्हटलं.

तो डोकं खाजवायला लागला. "आजी देशी भांडं म्हणत हुत्या."

"तुम्हाला कधी म्हणाल्या?"

"कोबा घालताना. मी म्हणलं, खोलीत न्हाणीघर व्हनार हाय, आजी, मजा हाय तुमची. तर म्हणल्या, 'खुर्चीवर बसल्यावानी मला न्हाय जमायचं रं. आन् पलंगाच्या उशाला संडास, मला जेवान जायचं न्हाय. पर सुनंला सांगू नगंस. माज्या गुडघ्यापायी करतीया, तिला वाईट वाटंल.'"

मी त्याला चहा दिला. त्याने विचारलं, "मग काय ठरलं?"

"कळवते."

तो सोमवार, १२ मेपासून मोकळा आहे. त्यानंतर पावसाळ्याआधीची कामं सुरू झाली की मिळायचा नाही.

शुक्रवार, २ मे

काल सुट्टी होती. नकाशा घेऊन बसले. आत्यांना काय हवं असेल ते गृहीत धरून तीन पर्याय काढले: व्हरांड्याच्या टोकाला देशी भांडं आणि वर पत्रा, मागच्याच संडासाला दांडी आणि वाटेत दिवा, काहीच न करणं. तिन्ही काढून झाल्यावर लक्षात आलं की पुन्हा मीच काढते आहे.

अंगणातल्या त्यांच्या कुंड्यांना, म्हणजे रंगाच्या डब्यांना आणि सिमेंटच्या पोत्यांना, मी ठरलेल्या मापाने पाणी घालते. दोडका बरा आहे. मिरचीची पानं वळली. माती तपासली, किडेही पाहिले, कारण सापडलं नाही. गवती चहाचं एक पान तोडून चहात टाकलं. तो त्या करतात तसा झाला नाही.

घरात शांतता आहे. फोनवर मोठ्याने बोलणारं कोणी नाही, पहाटे भांडी नाहीत, "आगं, खाल्लंस का काय?" नाही. ऑफिसचं काम घरी जास्त व्हायला हवं होतं. होत नाही. डोकं दुखतं, बहुधा चष्म्याचा नंबर बदलला असेल.

ग्रुपवर कोणीतरी विचारलं आहे की लोकरीचं पांघरूण कसं जपावं. मी उत्तर दिलेलं नाही.

रविवार, ४ मे

आदिनाथ म्हणाला, फोन करून बोल. मी प्रयत्न केला. त्यांनी "बरी हायस ना?" विचारलं, मी "हो" म्हटलं, त्यांनी "उनाची फिरू नगंस" सांगितलं आणि बोलणं संपलं. समोरासमोर आणि फोनवर मी जे म्हणते ते मला म्हणायचं असतं नेमकं ते नसतं. लिहिलेलं बरं. आत्यांना वाचता येत नाही, सृष्टीला फोन करून सांगितलं आहे. ती म्हणाली, "वहिनी, आख्खं वाचते, एक अक्षर गाळत न्हाई." आज तिच्या व्हॉट्सॲपवर पत्र पाठवलं. इथे नक्कल ठेवते.

आत्या,
हे सृष्टी तुम्हाला वाचून दाखवेल.

घोंगडी कोबा ओला ठेवायला चांगली म्हणून मी निवडली नव्हती. त्यात काही विचार नव्हता. गवंड्याने विचारलं, मी घाईत होते, मी टाका म्हणाले. मी विचार केला असेल असं धरून तुम्ही तिच्यावर पाणी मारत राहिलात. चंद्रिकाताईंनी मला सांगितलं. तुम्ही मला चुकीचं समजला नाहीत, उलट माझ्यात नाही तेवढी अक्कल धरलीत. तसं पुन्हा करू नका. मी काही चुकीचं करत असेन तर भांडी आपटा, ओरडा, पण सांगा.

ती घोंगडी मला परत करता येणार नाही. तिला दुरुस्ती नाही. मी शोधून पाहिलं.

घोंगडी वर ठेवायला, पलंगाची जागा बदलायला, पहाटे भांडी घासू नका म्हणून, मी तुम्हाला सांगत गेले. विचारलं कधी नाही. घर नीट करायचं म्हणून करत होते. ते तुमचंही घर आहे हे मला माहीत होतं, पण मी तसं वागले नाही.

मला तुम्ही इथे हव्या आहात. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला, म्हणून सृष्टीने ते घाईत वाचू नये.

आता काम. रामहरी सोमवारी, १२ तारखेला येतो आहे. खोलीजवळ न्हाणीघर करायचं का, करायचं तर कुठे, आणि भांडं कुठलं, हे तुम्ही सांगायचं आहे. मी नकाशा फाडला आहे. तुम्ही सांगाल तसं होईल. काहीच नको असेल तर काहीच करणार नाही. आणि इकडे यायचंच नसेल, तर तेही सरळ सांगा. 'बघू' म्हणू नका.

शनिवार, १० मेपर्यंत फोन करून कळवा.

उत्कर्षा